सिमेंटच्या भट्टीचे 27 नियम आणि त्यांत न मावलेला ऑपरेटर

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, आजचा भाग जरा लक्ष देऊन ऐका. कारण आज मी एक प्रश्न घेऊन आलेय: कारखान्यात मशीनपुढे बसलेला माणूस निर्णय कसा घेतो? आणि त्या निर्णयाचं मॉडेल बनवता येतं का?

मॉडेल म्हणजे काय, तर त्याच्या डोक्यात जे चाललंय ते अशा पद्धतीनं लिहून काढायचं, की कॉम्प्युटरलाही तसंच वागता यावं.

विषय कोरडा वाटतोय? थांबा. तुमच्यापैकी बरेच जण आयटीआय, डिप्लोमा नाहीतर इंजिनीअरिंग करताय. उद्या कुणी कंट्रोल रूममध्ये ट्रेनी म्हणून बसेल, तर कुणी त्याच कंट्रोल रूममध्ये चालणारं सॉफ्टवेअर लिहील. आणि हल्ली असं सॉफ्टवेअर विकताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, की आमचं एआय तुमच्या सगळ्यात अनुभवी ऑपरेटरसारखं काम करतं. माझा प्रश्न साधा आहे. अनुभवी ऑपरेटरसारखं म्हणजे नक्की कशासारखं? त्यातलं काय उचललं आणि काय तिथेच राहिलं?

हे समजून घ्यायला सिमेंटच्या भट्टीसारखं उदाहरण नाही. माणसाच्या निर्णयांचं मॉडेल खऱ्या कारखान्यात चालवून बघितलं गेलं, त्यातलं हे अगदी सुरुवातीचं आणि गाजलेलं उदाहरण. गोष्ट डेन्मार्कची आहे, पण भट्टी आपल्या ओळखीची आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, घुग्घूस भागात राहणाऱ्यांना सिमेंटचे कारखाने नवीन नाहीत.

तर भट्टी कशी असते? कारखान्यात तिला किल्न म्हणतात. एक लांबलचक पोलादी नळकांडं समजा. आजकालच्या भट्ट्या साधारण 60-70 मीटर लांब असतात, जुन्या त्याहून कितीतरी लांब होत्या. आतून विटांचं अस्तर. नळकांडं किंचित उतरतं बसवलेलं आणि हळूहळू फिरत राहतं. वरच्या टोकाकडून दळलेला चुनखडक आणि मातीचं मिश्रण आत येतं, खालच्या टोकाला कोळशाची ज्वाला. माल घरंगळत खाली येतो, तापतो, आणि साधारण 1450 अंश सेल्सियसला त्याचे काळपट गोळे बनतात. हे क्लिंकर. क्लिंकर दळलं, त्यात थोडं जिप्सम घातलं, की झालं सिमेंट.

आता ऑपरेटरचं काम काय? भट्टी कमी तापली तर चुना पुरता मिसळत नाही, मोकळा राहतो, सिमेंट बिघडतं. जास्त तापली तर कोळसा वाया, विटांचं अस्तर खराब, आणि क्लिंकर इतकं कडक होतं की दळताना वीज जास्त लागते. म्हणजे मधली वाट धरायची. त्यासाठी हाताशी मुख्य चार गोष्टी: कोळसा किती द्यायचा, पंख्यानं हवा किती ओढायची, भट्टी किती वेगानं फिरवायची, आणि वरून माल किती सोडायचा.

चारच तर आहेत, त्यात काय अवघड, असं वाटेल. हॉस्टेलच्या बाथरूममधला गिझर आठवा. गरम पाण्याचा नळ सोडला, पाणी थंडच. अजून सोडला, तरी थंड. अजून सोडला, आणि मग एकदम चटका! घाबरून बंद केला, की पुन्हा गारठा. का होतं असं? कारण तुम्ही केलेल्या बदलाचा परिणाम उशिरा येतो आणि तेवढा धीर आपल्याला नसतो. भट्टीचंही तसंच, फक्त हा उशीर सेकंदांचा नसून काही मिनिटांपासून तासांपर्यंतचा. आणि चटका लाखो रुपयांचा.

शिवाय आत काय चाललंय हे थेट मोजता येत नाही. धुळीचा लोट असतो, त्यातून तापमान मोजणारं यंत्र फसतं. भट्टी फिरवणाऱ्या मोटरला किती करंट लागतोय, यावरून अंदाज बांधतात. माल तापून चिकट झाला की भिंतीला धरून वर चढतो, मग मोटरवर लोड येतो, करंट वाढतो. म्हणजे करंट वाढला तर भट्टी तापली? बहुतेक वेळा हो. पण भिंतीवर जमलेला थर कुठे वाढला किंवा ढासळला, तरी करंट हलतो. आकडा एक, अर्थ दोन.

मग पूर्वीचे ऑपरेटर काय करायचे? निळ्या कोबाल्ट काचेतून थेट ज्वालेकडे बघायचे. क्लिंकरचा रंग पांढुरका झालाय की तांबूस पडलाय? माल भिंतीवर किती उंच चढतोय? धूळ किती आहे? ज्वालेमागे न भाजलेल्या मालाची काळी कड दिसते, ती पुढे सरकतेय का? हे सगळं एका नजरेत. आणि मग म्हणायचे, थोडा कोळसा वाढव. किंवा, आत्ता हात लावू नकोस.

आपल्याकडे हे कौशल्य ओळखायला कारखान्यात जायची गरज नाही. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात गुळव्या असतो. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे तो ठरवतो. पाकाचे चार थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, फेसाचा रंग बघतो. घरी आजी लाडवांसाठी पाक करते, तेव्हा एकतारी की दोनतारी हे बोटांत धरून सांगते. थर्मामीटर नसतो. पण म्हणून तो अंदाज हवेतला नसतो. तेही मोजमापच आहे, फक्त ते आकड्यांच्या ऐवजी शब्दांत असतं.

हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

इंजिनीअर मंडळींनी आधी भट्टीचं मॉडेल बनवायला घेतलं. उष्णता कशी वाहते, रासायनिक क्रिया कशा होतात, त्याची समीकरणं. पण चुनखडक रोज सारखा नसतो, कोळसा सारखा नसतो, परिणाम उशिरा येतात, मोजमापं फसवतात. भट्टी त्या समीकरणांच्या भरवशावर सोडावी असं काही जमेना. आणि तिकडे शाळेत ही समीकरणं कधी न शिकलेला माणूस तीच भट्टी रात्रपाळीला नीट चालवत होता.

मग प्रश्नच उलटा करून बघितला गेला. भट्टीचं मॉडेल जमत नसेल, तर भट्टी चालवणाऱ्याचंच मॉडेल का करू नये?

याची तयारी दोन वेगवेगळ्या ठिकाणी आधीच झाली होती. पहिली तयारी एका पुस्तकात. 1972 मध्ये पेरे आणि वॅडेल या दोघांचं रोटरी किल्नवरचं पुस्तक आलं, ऑपरेटर लोकांना शिकवण्यासाठी. त्यात एक तक्ता होता. तीन गोष्टी बघा: ज्वालेजवळच्या भागाचं तापमान, मागच्या टोकाचं तापमान, आणि बाहेर पडणाऱ्या वायूतला ऑक्सिजन. प्रत्येकाच्या तीनच अवस्था: कमी, ठीक, जास्त. तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे 27 परिस्थिती. आणि प्रत्येक परिस्थितीत काय करायचं, ते पुढे लिहिलेलं.

त्यामागचा विचार कसा असतो बघा. ज्वालेजवळचा भाग जरा थंड पडलाय आणि ऑक्सिजनही कमी आहे. नवखा माणूस म्हणेल, थंड आहे ना, कोळसा वाढवा! जाणता म्हणेल, आधी पंखा वाढव, मग कोळसा. कारण हवाच नसेल तर वाढवलेला कोळसा अर्धवट जळतो. उष्णता तर मिळत नाहीच, वर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि तो धूळ पकडणाऱ्या विजेच्या यंत्रणेत गेला तर स्फोटाचा धोका.

दुसरी तयारी गणितात. लोत्फी झादे हे कॅलिफोर्नियात बर्कलीला प्राध्यापक होते. 1965 मध्ये त्यांनी फझी सेट्सची कल्पना मांडली. तुमच्या फोनवरच समजावते. बॅटरी 20 टक्क्यांवर आली की फोन म्हणतो, बॅटरी कमी. मग 21 ला ती भरपूर होती का? नाही ना. 'कमी' हा शब्द असा एका आकड्यावर तुटत नाही. 40 ला जराशी कमी, 20 ला बरीच कमी, 5 ला अगदीच कमी. झादे म्हणाले, ठीक आहे, मग 'कमी असणं' हेच शून्य ते एक या मापात मोजू. एखादी गोष्ट 0.3 इतकी कमी असू शकते आणि त्याच वेळी 0.7 इतकी ठीक. म्हणजे एकतारी, दोनतारी आणि त्यांच्या मधलं सगळं आता गणितात बसवता येणार होतं.

लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये इब्राहिम ममदानी नावाचे संशोधक होते. जन्म टांझानियाचा, शिक्षण आपल्या भारतात, मग इंग्लंड. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियन यांनी प्रयोगशाळेतलं एक छोटं वाफेचं इंजिन घेतलं आणि ते 'दाब जास्त असेल तर उष्णता कमी कर' अशा बोलीतल्या नियमांवर चालवून दाखवलं. त्यांचा 1975 चा पेपर आजही या विषयातला पायाचा दगड मानतात.

आणि मग डेन्मार्क. एफ. एल. स्मिथ ही तेव्हा सिमेंटची यंत्रसामग्री बनवणारी जुनी कंपनी होती. तिथल्या होल्मब्लाड आणि ऑस्टरगार्ड या दोघांनी हे दोन धागे एकत्र बांधले. भट्टीच्या ऑपरेटरचे नियम आणि झादे-ममदानींचं गणित. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खऱ्या भट्टीवर प्रयोग सुरू केले आणि 1982 मध्ये त्यावरचा त्यांचा पेपर प्रसिद्ध झाला. मोठ्या उद्योगात फझी कंट्रोल आलं ते असं.

आणि ते चाललं. का चाललं? एक म्हणजे तीन पाळ्यांचे तीन ऑपरेटर, तिघांच्या सवयी वेगळ्या. एक कोळशाला आधी हात घालतो, दुसरा वेगाला. पाळी बदलली की भट्टीचा सूर बदलतो. कॉम्प्युटरचा सूर बदलत नाही. दुसरं म्हणजे कॉम्प्युटर कंटाळत नाही. छोटे छोटे बदल, ठरावीक वेळाने, पहाटे चारलाही तितक्याच निगुतीनं. मला या कामाबद्दल खरंच आदर आहे. कारण त्यांनी ऑपरेटरला अडाणी समजलं नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे गणितात घेतले.

आता खरी मजा. या 27 नियमांत ऑपरेटर पूर्ण मावला का?

डेन्मार्कमध्येच रिसो नावाच्या संशोधन संस्थेत जेन्स रासमुसेन काम करायचे. त्यांनी 1983 मध्ये ऑपरेटरच्या वागण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, हाताच्या सवयीची. सायकल चालवताना तोल कसा सांभाळता हे तुम्हाला शब्दांत सांगता येत नाही, तशी. दुसरी, नियमांची. असं दिसलं की तसं करायचं. तिसरी, विचारांची. जिथे सवय उपयोगी नाही, नियमही नाही, आणि माणसाला भट्टीच्या आत काय घडत असेल याचं चित्र डोक्यात उभं करून वाट काढावी लागते.

बघा, 27 नियम म्हणजे नीट उचललेली मधली पायरी. पहिली पायरी, म्हणजे काचेतून बघून 'रंग उतरतोय' हे ओळखणं, तिच्या जागी करंट आणि ऑक्सिजनचे आकडे आले. आणि तिसऱ्या पायरीचं काय? भिंतीवरचा थर अचानक कोसळला, न भाजलेला माल लोंढ्यासारखा पुढे आला, की फझी कंट्रोल बाजूला ठेवून पुन्हा माणसालाच पुढे व्हावं लागतं.

आता कुणी म्हणेल, ताई, ही जुनी गोष्ट झाली. आता मशीन लर्निंग आहे. नियम कशाला विचारायचे? दहा वर्षांचा डेटा घ्या, ऑपरेटरने कधी काय केलं ते त्यात सगळं आहे.

सगळं आहे? समजा रेकॉर्डमध्ये दिसतं, रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी माल 5 टक्क्यांनी कमी केला. का केला? कदाचित खालून फोन आला होता, की भाऊ, पावसानं माल ओला येतोय. तो फोन डेटात नाही. मॉडेल मात्र त्या वेळच्या करंटशी आणि ऑक्सिजनशी संबंध जोडणार आणि भलतंच शिकणार.

याहून मोठी गोष्ट सांगते. समजा करंट घसरला, स्क्रीन लाल झाली, आणि ऑपरेटरने काहीच केलं नाही. हाताची घडी घालून दहा मिनिटं बसला. डेटात ती रिकामी जागा दिसते. पण तिथे काय घडलं होतं? त्याने ओळखलं, की हा थर पडल्याचा झटका आहे, भट्टी थंड पडलेली नाही, आपण हात घातला तर हॉस्टेलच्या गिझरसारखं होईल. काही न करणं हाही निर्णय असतो. अनुभवी माणसाचा कदाचित सगळ्यात मोलाचा निर्णय. आणि रेकॉर्डमध्ये त्याची खूण राहत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा. 1983 मध्येच लिसॅन बेनब्रिज या संशोधिकेने एक छोटासा पेपर लिहिला, 'आयर्नीज ऑफ ऑटोमेशन'. फार थोडी पानं, पण आजही वाचतात. त्यांचं म्हणणं असं. डिझाइनर म्हणतो, माणूस चुकतो, म्हणून त्याच्या हातून काम काढून घेऊ. पण जे काम मशीनला जमत नाही, तेवढं पुन्हा माणसाकडेच ठेवतो. म्हणजे सोपं सगळं मशीन करणार आणि अवघड तेवढं माणूस करणार. तेही कधीतरीच. रोजचा सराव तर गेलेला! हात बसायला रोज काम करावं लागतं, आणि रोजचं काम मशीनकडे.

मग माणसाने करायचं काय? नुसतं बघत राहायचं. आता नुसतं बघत राहणं माणसाला किती जमतं? दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न आला होता. नॉर्मन मॅकवर्थ यांनी 1948 मध्ये त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. घड्याळासारखा एक काटा, तो मधूनच दुप्पट उडी मारतो, तेवढी उडी पकडायची. अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या. हे लोक आळशी नव्हते. माणसाचं लक्ष तसंच चालतं.

बेनब्रिज यांनी आणखी एक निरीक्षण लिहून ठेवलंय. हाताने प्रोसेस चालवणारे ऑपरेटर पाळी सुरू व्हायच्या पाव ते अर्धा तास आधी येऊन बसतात. का? भट्टीचा कल कुठे चाललाय, हे डोक्यात मुरायला तेवढा वेळ लागतो. पण ऑटोमॅटिक यंत्रणा जेव्हा हात वर करते, तेव्हा ती म्हणते, आत्ता, या सेकंदाला सांभाळा! अर्धा तास कुठून आणायचा?

आणि मग बिघडलं, की चौकशीत लिहिलं जातं 'ऑपरेटरची चूक'. म्हणजे बघा हं. त्याचे नियम घेतले, सराव काढून घेतला, नुसतं बघत बसायला सांगितलं, अवघड क्षणी एका सेकंदात सगळं हातात दिलं. आणि चूक कुणाची? त्याची. मला हे न्यायाचं वाटत नाही. आणि ही जागा उद्या तुमची असणार आहे, म्हणून मी एवढी पोटतिडकीनं बोलतेय.

मी ऑटोमेशनच्या विरोधात नाहीये. भट्टीच्या ज्वालेत डोळे घालून आयुष्य काढावं, असं कुणाला वाटेल? पण मॉडेल बनवताना काही गोष्टी करता येतात.

उद्या तुम्हाला एखाद्या ऑपरेटर काकांकडून माहिती घ्यायला पाठवलं, तर नुसतं 'तुम्ही काय करता?' एवढ्यावर थांबू नका. पुस्तकातलंच उत्तर मिळेल. त्यांच्याबरोबर एक पूर्ण पाळी बसा आणि तीन प्रश्न विचारा. काका, हे करायच्या आधी तुम्हाला काय दिसलं? काका, आत्ता तुम्ही काही केलं नाहीत, का बरं? आणि काका, हा नियम तुम्ही कधी मोडता? तिसऱ्या प्रश्नाला ते हसतील. मग जे सांगतील ते लिहून घ्या. आणि त्यांचं नाव घालून लिहा. ज्ञान त्यांचं आहे.

लॉगबुकमध्ये 'काय केलं' याच्या शेजारी 'का केलं' आणि 'काय करायचं टाळलं' असे दोन रकाने ठेवा. दोन ओळी पुरेत. उद्याच्या मॉडेलला नुसत्या आकड्यांपेक्षा त्या जास्त शिकवतील.

आणि तुम्ही स्वतः ऑपरेटर असाल, तर बेनब्रिज यांनीच सुचवलेला उपाय मागून घ्या. प्रत्येक पाळीत थोडा वेळ हाताने चालवायची मुभा. ते जमत नसेल, तर सिम्युलेटरवर सराव. स्क्रीन ऑटोवर असतानाही मनात खेळत राहा: आत्ता मी असतो तर काय केलं असतं? मशीनने वेगळं केलं, तर का केलं?

कारण एक साधा हिशोब आहे. ते 27 नियम कुणाकडून आले? हाताने भट्टी चालवून शिकलेल्या माणसांकडून. पुढची पिढी नुसती ऑटोची स्क्रीन बघत मोठी झाली, तर अठ्ठाविसावा नियम कुणाला विचारणार?

यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते मला जरूर कळवा. घरात कुणी भट्टीवर, बॉयलरवर, लूमवर काम केलं असेल, तर आज रात्री जेवताना ते तीन प्रश्न त्यांना विचारून बघा. आलेली उत्तरं मला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात आपण ती वाचू.

भेटूया लवकरच. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ऐकत राहा.